वरची वाडी, खालची वाडी




गेल्या महिन्यात आपल्या एका कुटुंब-ग्रुपवर जे झालं ते बऱ्याच जणांना ठाऊक आहे. कुणीतरी कळसा नाल्याची बातमी टाकली. हुबळीच्या दादांनी लिहिलं, "आमच्याकडे आठ-आठ दिवसांनी नळ येतो. समुद्रात फुकट जाणारं पाणी आम्हाला दिलं तर गोव्याचं काय जातं?" त्यावर सत्तरीच्या ताईंनी लिहिलं, "म्हादई आमची आई. आई पळवता आणि वर काय जातं म्हणून विचारता?" मग दोन्ही बाजूंनी व्हिडिओ, फॉरवर्ड, जुनी भांडणं. संध्याकाळपर्यंत ताई ग्रुप सोडून गेल्या. दोघंही कित्येक वर्षं गुरुपौर्णिमेला एकाच पंगतीत वाढायला असतात. दादा भात वाढतात, ताई वरण.

पत्रिकेचं काम बघणाऱ्यांचा मला फोन आला. तुम्ही त्या डोंगरातले, चार ओळी लिहा म्हणाले. चार ओळींत हे बसायचं नाही, आणि लिहायला बसलो तर माझंच एक जुनं देणं आठवत राहिलं. म्हणून दोन्ही एकत्र लिहितोय. कुणाची बाजू घेतली असं वाटलं तर क्षमा असावी. पण काही ठिकाणी मला जे वाटतं ते मी सरळ लिहिणार आहे.

ग्रुपवर राजकारण नको हा नियम चांगलाच आहे. खरं पाणी कुणी प्यायचं आणि कुणी तहानलेलं राहायचं हा विषय आपण राजकारणाच्या खात्यात टाकून मोकळे झालो, तर रोजच्या जपाला बसताना आपण नक्की काय धुतो, असा प्रश्न मला पडतो.

आधी जागा सांगतो. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाने गोव्याला जाताना कणकुंबी लागतं. खानापूर तालुक्यातलं लहान गाव. तिथे माउलीचं देऊळ आहे, मलप्रभेचा उगम आहे. आपल्यातले पुष्कळजण गोव्याला जाताना तिथे थांबून हातपाय धुतात. ही मलप्रभा पूर्वेला जाते. सौंदत्तीजवळ तिच्यावर धरण आहे, यल्लम्माला जाणाऱ्यांनी ते पाहिलेलं असतं. पुढे ती कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. आणि त्याच कणकुंबीच्या शिवारातून निघालेला कळसा नाला मात्र पश्चिमेला वळतो, म्हादईला मिळतो. म्हादई सत्तरीतून खाली उतरते, पुढे तिला मांडवी म्हणतात आणि ती पणजीजवळ अरबी समुद्रात जाते. म्हणजे त्या माथ्यावर एखादं घर असं बांधता येईल की पुढच्या पागोळीचं पाणी एका समुद्रात आणि मागच्या पागोळीचं दुसऱ्या समुद्रात. आता कळशाचं पाणी पुढच्या पागोळीला वळवावं की नाही, एवढाच हा वाद.

त्याचं मोजमाप होऊन गेलेलं आहे. 2010 मध्ये केंद्राने लवाद नेमला. 14 ऑगस्ट 2018 ला निवाडा आला. गोव्याला 24 टीएमसी, कर्नाटकाला 13.42, महाराष्ट्राला 1.33. कर्नाटकाच्या वाट्यातलं 8.02 टीएमसी वीज करण्यासाठी आहे. डोंगरापलीकडे मलप्रभेत न्यायचं पाणी 3.9 टीएमसी, त्यात कळशाचं 1.72 आणि भंडुऱ्याचं 2.18. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण 2,831 कोटी लिटर. निवाड्यानंतरही तिन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली. तो निकाल आपण ग्रुपवर लावू नये. मला त्यातला एकच प्रश्न घ्यायचा आहे, जो न्यायालयात जात नाही. वरच्या अंगाला राहणारा माणूस खालच्याचं काय देणं लागतो?

हा प्रश्न मला आमच्या व्हाळाने शिकवला. तो नकाशावर सापडणार नाही. पावसात दोन माणसं बुडतील एवढं पाणी, साकव वाहून गेला की पलीकडचं शिवार चार-चार दिवस तुटतं. आणि मार्चमध्ये तोच व्हाळ लहान पोराने उडी मारून ओलांडावा एवढा. आमच्या डोंगरात पावसाला तोटा नाही. आमगावचं नाव तर देशातल्या भरपूर पावसाच्या गावांत घेतात. पण कातळावर पडलेलं पाणी थांबत नाही. एप्रिलमध्ये आमच्याकडच्या बाया कळशी घेऊन फिरतात, हे घाटाखालच्या माणसाला सांगून पटत नाही.

व्हाळाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. खाली वीस मिनिटं उतरलं की धनगर गवळ्यांची नऊ घरं. दिवाळीनंतर पाणी उतरलं की आमचे वडील दगड, माती, चिवाट्या घालून बांध घालायचे. खालचे लोकही हाताला हात लावायला यायचे. बांधातून पाणी पाझरत राहायचं, खाली डोह भरायचा. त्यासाठी कधी कुणी कागद केला नव्हता.

मी नोकरीतून सुटलो आणि गावी आलो. धाकट्या भावाबरोबर तीनशे पोफळी लावल्या. तीन हॉर्सपॉवरची मोटार घेतली. बांध सिमेंटचा केला, छान गुळगुळीत, थेंब गळणार नाही असा. वीज मागताना, गावात बोलताना सांगितलं की घरच्या पाण्याची सोय करतोय. घरात आम्ही सहा माणसं. सहा माणसांना तीन हॉर्सपॉवर कशाला लागतं, हे कुणी विचारलं नाही. आम्ही जुने घराणेदार, कोण विचारणार?

त्या वर्षी चैत्रात महाराजांच्या दर्शनाला गेलो. बाग फळाला येतेय असं कौतुकाने सांगितलं. त्यांनी नेहमीसारखं एवढंच विचारलं, "पाणी कुठलं?" मी म्हटलं, "व्हाळाचं." "व्हाळ पुढं कुठं जातो?" म्हटलं, "खाली." ते हसले. म्हणाले, "पंधरा दिवस घरचं प्यायचं पाणी खालच्या वाडीतनं आण. तू स्वतः. मग ये, बोलू."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पाय दुखतात, वय झालं, असं मनात बरंच आलं. तरी पहिल्या दिवशी पहाटे कळशी घेऊन उतरलो. डोह नव्हता. डोहाच्या जागी वाळूत हातभर खोल झिरा खणला होता. त्यात पाणी जमायची वाट बघायची, मग करवंटीने भरायचं. माझ्या आधी आठ-नऊ कळशा लागलेल्या. मला बघून बायांनी आपल्या कळशा बाजूला सारल्या. "वरचे मालक आलेत, त्यांना आधी भरू दे."

तो दिवस मी विसरणार नाही. त्यांचं पाणी मी वर अडवून बसलोय आणि इथे रांगेत मलाच पुढे जागा. पुढे घुसलो नाही, पण एक कळशी भरायला पाऊण तास लागला.

पाचव्या दिवशी तिथली एक म्हातारी शेजारी येऊन बसली. म्हणाली, "यंदा ऊन लई हाय बघ बाळ. झरा पार आटला." मला वाटलं टोमणा मारतेय. खरं नाही. तिच्या मनात तसं काहीच नव्हतं. वाडीतल्या कुणालाही माझा बांध आणि त्यांचा झिरा यांचा संबंध लागलाच नव्हता. त्यांच्या लेखी यंदा ऊन जास्त होतं. आणि माझ्या लेखी खाली कुणी नव्हतंच.

घरी येऊन हिशेब केला. उन्हाळ्यात एका पोफळीला रोज पंधरा-वीस लिटर तरी पाणी लागतं. तीनशे झाडांना साडेचार ते सहा हजार लिटर. नऊ घरांतली माणसं आणि सगळी म्हशी-गुरं धरली तरी खालच्या वाडीला दिवसाला एवढं लागत नव्हतं. नऊ घरांपेक्षा जास्त पाणी माझी बाग पीत होती, आणि कागदावर नाव होतं घरच्या तहानेचं.

पाप कुठलं, असं आता कुणी विचारलं तर मी पाणी घेतलं याला मी मोठं पाप म्हणणार नाही. वरच्या अंगाला राहणारा पाणी घेणारच, त्यालाही पोट आहे. तहानेचं नाव सांगून सुपारी पिकवली, ते पाप. तहान हा शब्द असा आहे की त्याच्यापुढे कुणी वाद घालत नाही. म्हणूनच तो वापरायचा मोह होतो.

आता हुबळी-धारवाडकडे या. तिथे नळाला आठ दिवस पाणी नसतं, हे आपले दादा खोटं सांगत नाहीत. त्यांच्या घरी मी राहिलोय. न्हाणीघर, स्वयंपाकघर, जिना, सगळीकडे भरलेली पिंपं. नरगुंद-नवलगुंदचे शेतकरी 2015 पासून या पाण्यासाठी बसले, त्यांचंही दुःख खरंच आहे. तहानलेल्याने पाणी मागितलं तर त्याला चोर म्हणू नये, हे मला गोव्याच्या बंधू-भगिनींना हात जोडून सांगायचं आहे. पण दादांनाही एक विचारायचं आहे. उद्या हे पाणी आलं तर ते पिंपातच जाईल, की ऊस, कारखाने, नव्या वसाहती यांच्याकडे वळेल? आणि शहरातल्या फुटक्या पाइपांतून आज जे वाहून जातं त्याचं काय? मी स्वतः "घरचं पाणी" म्हणून मोटार बसवलेला माणूस आहे, म्हणून मला ही शंका जास्त येते.

"समुद्रात फुकट जातं" हेही मला आता म्हणवत नाही. मांडवीत भरतीचं खारं पाणी कित्येक किलोमीटर आत चढतं. वरून येणारं गोडं पाणी त्याला रेटून धरतं. वरचं कमी झालं की खारं आणखी वर सरकणार, मग विहिरी आणि शेतं. गोव्याचे शेतकरी खाजण शेतीत बांध घालून, मानशीची दारं लावून पिढ्यान् पिढ्या ते खारं पाणी थोपवत आले. सत्तरीत पावसाळा सरल्यावर पात्रातच बांध घालून पुरण शेती करतात. म्हणजे जे पाणी वरच्याला "फुकट" दिसतं त्याच्यावर खाली कुणाचं तरी वर्षाचं भात उभं असतं. बांधावरून सांडणाऱ्या पाण्याकडे बघून मीही तेच म्हणायचो. फुकट चाललंय म्हणे! ते नऊ घरांकडे चाललं होतं.

नाथांची गोष्ट आपण सगळे मुलांना सांगतो. रामेश्वराला वाहायची गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली. एवढ्या वर्षांत मी ती गोष्ट कितीदा सांगितली असेल. झिऱ्यावर बसलो तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की ते गाढव नाथांच्या डोळ्यांपुढे होतं. समोर तडफडणारा जीव बघून तुमच्या-माझ्याही हातून तांब्याभर पाणी सुटेल. व्हाळाची अडचण अशी की त्याच्या वळणापलीकडचं दिसत नाही. वरच्याला खालचा कधी दिसतच नाही आणि त्यामुळे त्याला आपण निर्दय आहोत असंही कधी वाटत नाही. मला महाराजांनी उपदेश केला असता तर मी मान डोलावून घरी आलो असतो. त्यांनी मला वळणापलीकडे नेऊन बसवलं.

आणि वर-खाली फक्त उताराने ठरतं असंही नाही. आमच्याच वाडीत आजीच्या काळी व्हाळावर तीन पाणवठे होते. सगळ्यात वरचा आमच्या लोकांचा आणि देवाचा. मधला कुळांचा. सगळ्यात खालचा, जिथे वरचे कपडे धुतलेलं आणि म्हशी डुंबलेलं पाणी यायचं, तो महारवाड्याचा. आजी स्वभावाने अतिशय मायाळू बाई होती. तिला यात काही वावगं दिसलं नाही, ती रीत होती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा त्या एका ओंजळीने केवढा गदारोळ झाला हे आपण वाचलेलं आहे. आजीला मी आज दोष देत नाही, पण तिच्या मायेच्या पुढे तो खालचा पाणवठा कधीच आला नाही, एवढं मला नोंदवावंसं वाटतं. आपल्या सत्संगातही हे बोलायला आपण कचरतो. कचरू नये.

मग वाटायचं कसं? पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या प्रमाणात दिलं. भूमिहीनालाही हक्क ठेवला, आणि ऊस लावायचा नाही असं ठरवलं. मला ते फार आवडतं, कारण त्यात पाणी कुणाच्या शिवारात उगवलं याला किंमत नाही, प्यायची तोंडं किती हे आधी मोजलं. कळशाच्या भांडणात ही मोजणी कुणी करत असलं तरी एक गोष्ट मला सलते. हुबळी बोलते, पणजी बोलते. ज्यांच्या दारातून तो नाला वाहतो त्या खानापूरच्या वाड्यांना कोण विचारतं? पावसात आजारी माणसाला झोळीत घालून डोंगर उतरवतात ते हेच लोक. त्यांची मागणी टीएमसीमध्ये मोजायची नसते. त्यांना साकव हवा असतो आणि उन्हाळ्यात एक झिरा.

माझ्या बांधाचं काय केलं ते सांगून थांबतो. पंधरा दिवस पुरे केले. महाराजांकडे गेलो तर त्यांनी बांधाचं नावही काढलं नाही, चहा घेतलास का विचारलं. घरी येऊन बांधाला तळाशी हातभर रुंद फट पाडली. मोटारीचा फुटव्हॉल्व्ह, आमच्याकडे त्याला सरळ फुटबॉल म्हणतात, तो त्या फटीच्या वर वीतभर उचलून बसवला. आता पाणी कमी झालं की आधी माझी मोटार कोरडी पडते, खालची धार चालू राहते. एकशेऐंशी पोफळी गेल्या. भावाला ते आजही मान्य नाही. "तू साधू झालास ते ठीक, माझ्या पोरीच्या फीचं काय?" असं तो म्हणतो, आणि त्याचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. वरचा म्हणून मी खालच्याला द्यायला निघालो आणि ते दिलं भावाच्या वाट्यातून. त्याच्या झाडांचे पैसे मी अजून पुरते फेडलेले नाहीत. खालच्या नऊ घरांतली चार आता बंद आहेत, पोरं कामाला फोंडा-म्हापशाला गेली. ती आता नळाचं पाणी पितात, आणि तिकडे ती सगळ्यात खालची.

सत्तरीच्या ताईंना मी फोन केला. बराच वेळ बोललो. त्या पाण्याला उदक म्हणतात, कोकणीत तोच शब्द आहे. मी म्हटलं, आमच्याकडे हा शब्द आता एकाच ठिकाणी उरलाय. हक्क सोडून दिला की आम्ही "उदक सोडलं" म्हणतो. त्या म्हणाल्या, "मग ते सोडायचं आधी कुणी, दादा? नेहमी खालच्यानंच?" मला उत्तर सुचलं नाही. त्या ग्रुपवर अजून आलेल्या नाहीत, आग्रह करू नका. येतील तेव्हा येतील.

हुबळीच्या दादांचा मात्र स्वतःहून फोन आला. त्यांना तो झिरा बघायचा आहे.

दिवाळीनंतर, पाणी उतरलं की खालच्या वाडीतला जुना मातीचा बांध पुन्हा घालायचा आहे. त्यांची पोरं बाहेर असल्याने हात कमी पडतात. ज्यांना जमेल त्यांनी शनिवारी मुक्कामालाच या, रविवारी पहाटे काम सुरू करू. पहार, घमेलं ज्याचं त्याने आणावं. जेवण खालच्याच वाडीत आहे, ताक म्हशीचं. प्यायचं पाणी मात्र घरून बाटलीत आणू नका, झिऱ्यावरच भरू.

जय गुरुदेव 🙏